आई-बाबांना दोघांनाच आयल ऑफ वाइटच्या कोच टूरला पाठवू का?

मुक्ता_कोव्हेंट्री

नमस्कार मंडळी. आई-बाबा जूनपासून आमच्याकडे आलेत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत जाणार. लंडन झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, आता सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात त्यांच्यासाठी एक कोच टूर बघून ठेवलीय, आयल ऑफ वाइट, चार रात्री पाच दिवस, शँकलिनमधलं हॉटेल, नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यातच, माणशी ३७९ पाउंड. बस आमच्या इथूनच घेते आणि फेरीबोटीत चढून बससकट पलीकडे नेते. अडचण एवढीच की त्या आठवड्यात मला आणि नवऱ्याला दोघांनाही सुट्टी मिळत नाहीये, म्हणजे आई-बाबा दोघंच जाणार, आणि ग्रुपमध्ये बाकी सगळे इथले रिटायर्ड लोक.

बाबा ७२ वर्षांचे, एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. इंग्रजी समजतं पण बोलायला बिचकतात. उजवा गुडघा धरतो, सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, चढ आणि पायऱ्या नको म्हणतात. आई ६७, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि तिला बस लागते.

एवढ्याशा बेटावर पाच दिवस बसमधून बघण्यासारखं काय आहे? जेवणाचं कसं होईल? पासपोर्ट सोबत द्यावे लागतील का, कारण समुद्र ओलांडायचाय? आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त काळजी ही आहे की चाळीस अनोळखी माणसांत दोघं एका कोपऱ्यात गप्प बसून राहतील आणि घरी येऊन मला बरं वाटावं म्हणून छान झालं म्हणतील. कोणी असं पाठवलंय का?

साउदम्प्टनचा_नाखवा

मुक्ताताई, मी चौदा वर्षं साउदम्प्टनला राहतोय, त्या बेटावर किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. बिनधास्त पाठवा.

पासपोर्टचं आधी सांगतो. आयल ऑफ वाइट ही इंग्लंडचीच एक काउंटी आहे, पुण्याहून मुरुडला जाण्यासारखं समजा, कोणी काही तपासत नाही. लोकांचा गोंधळ होतो तो जर्सी, गर्न्सी आणि आयल ऑफ मॅनमुळे, ती बेटं युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत, त्यांचं वेगळं आहे. इथे तसलं काही नाही. मात्र इन्शुरन्सचे कागद आणि गोळ्यांची यादी बाबांच्या खिशात असू द्या, बेटावर मोठं हॉस्पिटल एकच, न्यूपोर्टला.

बेट तसं छोटंच, ३८० चौरस किलोमीटर, पूर्व-पश्चिम ३६-३७ किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण साधारण २१. नकाशावर बघून वाटतं दोन दिवसांत संपेल, पण मोटरवे एकही नाही, रस्ते अरुंद, झाडांच्या बोगद्यांतून आणि गावांच्या मधून जाणारे, मोठी बस समोरून आली की एकाने थांबायचं. त्यामुळे वीस किलोमीटरला पाऊण तास धरा, आणि त्यात वाईट काही नाही, कारण बघायचं असतं ते खिडकीतूनच. दक्षिण-पश्चिम किनाऱ्याने मिलिटरी रोड म्हणून रस्ता आहे, चेलपासून फ्रेशवॉटरपर्यंत, एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र, पुढे पांढरे खडूचे कडे उठताना दिसतात. बस पूर्वेकडून पश्चिमेला जाणार असेल तर डावीकडची सीट मागून घ्या, समुद्र त्या बाजूला. तिथली जमीन सारखी ढासळत असते, व्हेंटनर आणि निटनच्या मधला अंडरक्लिफचा रस्ता २०१४ मध्ये असाच खचला, तेव्हा ड्रायव्हर लांबच्या रस्त्याने नेतोय असं वाटलं तर त्याला काहीतरी कारण असतं.

महिना तुम्ही उत्तम निवडलाय. शाळा सुरू झालेल्या असतात त्यामुळे पोरांची गर्दी नाही, उन्हाळाभर तापलेला समुद्र वर्षातला सगळ्यात कोमट याच दिवसांत असतो, कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकलेल्या असतात. दिवसा अठरा-एकोणीस डिग्री, पण वारा लागतो आणि संध्याकाळी सातनंतर एकदम गार होतं. स्वेटरवर वारा अडवणारं एक जाकीट हवंच, छत्री नको, तिथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.

अनघा_र

मुक्ता, मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते एका कोच टूरला, बेट हेच नव्हतं पण प्रकार हाच, म्हणून जे कोणी आधी सांगत नाही ते सांगते.

इथूनच बस घेते असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ नीट विचारून घे. आम्हाला सकाळी साडेसहाला घेतलं आणि मग चार गावं फिरून एका सर्व्हिस स्टेशनवर उतरवलं, तिथे पाच बसचे लोक एकमेकांत बदलले, सामान या डिकीतून त्या डिकीत, आणि खऱ्या अर्थाने प्रवास सुरू झाला साडेदहाला. सासूबाईंचे पाय सुजले होते. कंपनीचं नाव घेत नाही, पण फोनवर मला कोणी हे सांगितलं नव्हतं, ब्रोशरमध्ये एका ओळीत होतं बारीक अक्षरात. तेव्हा सरळ विचार की बस बदलायची आहे का, आणि आमच्या नंतर किती थांबे आहेत.

दुसरं सीट. सीट नंबर पहिल्या दिवशी मिळतो तोच शेवटपर्यंत. आईंना बस लागते हे बुकिंग करतानाच सांग, पुढच्या तीन रांगांत दे म्हणावं, बहुतेक देतात. नाश्ता हलका, आलेपाक जवळ, आणि मोबाईलमध्ये बघत बसू नये. बसची पहिली पायरी उंच असते पण बऱ्याच गाड्या पुढून खाली झुकवता येतात, ड्रायव्हरला सांगायचं फक्त, ते आनंदाने करतात. बसमधली टॉयलेट असते पण मागे खाली पायऱ्या उतरून असते, बाबांच्या गुडघ्याला नको, थांब्यावरच जाऊन यायचं.

जेवण. व्हेजिटेरियन लिहिलं तर आमलेट समोर येतं, म्हणून नो एग असं वेगळं लिहून द्यायचं, बुकिंगला एकदा आणि हॉटेलला स्वतः फोन करून एकदा. मी सासूबाईंसाठी एका कार्डावर चार ओळी इंग्रजीत टाइप करून दिल्या होत्या, मांस-मासे-अंडं नाही, चीज-दूध-बटाटा-भाजी चालेल असं, ते कार्ड त्या वेटरला दाखवायच्या आणि काम व्हायचं. दुपारचं जेवण टूरमध्ये नसतं, तिथे जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, सगळीकडे मिळतो. रात्रीचं जेवण मात्र सहा-साडेसहाला वाढतात. आपल्या माणसांना ते लवकर वाटतं, सोबत थोडा चिवडा असू दे. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच.

आणि एक, रोज सगळ्या सहलींना गेलंच पाहिजे असं नाही. एक दिवस दोघांनी सुट्टी घेऊन हॉटेलच्या गावातच राहिलं तर बिघडत नाही.

गडकिल्ले_आणि_बखरी

यादीत ऑस्बोर्न हाउस आहे का ते आधी बघा. नसेल तर टूर बदला, इतकं स्पष्ट सांगतो.

व्हिक्टोरिया राणीचं हे खाजगी घर, १८४५ मध्ये जागा घेतली आणि १९०१ च्या जानेवारीत ती वारली ती याच घरात. बाहेरून इटालियन वाटतं, आत बाकीच्या राजवाड्यांसारखंच सोनेरी फर्निचर, ते पटापट बघा. वेळ ठेवा तो दरबार रूमसाठी. राणी भारतात कधीच आली नाही पण १८७६ च्या कायद्याने सम्राज्ञी झाली, आणि म्हातारपणी तिने घरालाच एक भारतीय दालन जोडून घेतलं. ते काम केलं भाई राम सिंग यांनी, लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमधले, सुतारकामातून वर आलेला माणूस. छतापासून भिंतीपर्यंत पांढऱ्या प्लास्टरची नक्षी, जाळ्या, कमानी, आणि शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मान वर करून वीस मिनिटं तसाच उभा होतो. राणीच्या दोन ज्युबिलींना, १८८७ आणि १८९७ ला, आपल्याकडच्या संस्थानांनी आणि शहरांनी पाठवलेली मानपत्रं ज्या डब्यांतून गेली ते चांदीचे कोरीव डबे काचेआड मांडलेत.

त्याच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मात्र थांबाच. तिथे रुडॉल्फ स्वोबोडा नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराने काढलेली भारतीयांची चित्रं आहेत, लहान लहान, पुस्तकाएवढी, आणि राजे-महाराजांपेक्षा साध्या माणसांची जास्त. १८८६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात काम करून दाखवायला काही कारागीर आणले होते, त्यातले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगात कला शिकलेले कैदी. त्यांच्यात बक्षीराम नावाचा एक कुंभार होता, वय १०२ सांगितलं जायचं. त्याची पांढरी दाढी, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या. ही चित्रं राणीला इतकी आवडली की तिने चित्रकाराला सरळ भारतात पाठवलं, अजून माणसं काढून आण म्हणून. मुन्शी अब्दुल करीमचंही चित्र आहे, ज्याच्याकडून ती तेरा वर्षं हिंदुस्तानी लिहायला शिकली.

मला तिथे प्रत्येक वेळी दोन गोष्टी एकदम वाटतात. राम सिंगांच्या हाताबद्दल अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी आठवतं की दिल्लीत १८७७ मध्ये तिच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला होता तेव्हा आपल्या दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. त्या खोलीत हे कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या वडिलांना जायच्या आधी एवढं सांगून ठेवा, म्हणजे ते नुसता वाडा बघून येणार नाहीत. टूरवाले तिथे दीड तास देतात आणि अर्धा तास चहाच्या रांगेत जातो, म्हणून आधी घर, मग चहा.

पाठपिशवी

माझं मत जरा वेगळं आहे. कोच टूरमध्ये ज्या जागा खरंच सुंदर आहेत तिथे बस जातच नाही. टेनिसन डाउन या टेकडीवरून चालत नीडल्सकडे, म्हणजे पश्चिम टोकाच्या खडकांकडे जाणं हेच त्या बेटावरचं सगळ्यात मोठं सुख, खाली दोन्ही बाजूंना समुद्र, गवतावर वारा, आणि टोकाला जुन्या तोफखान्याच्या वर १९५० आणि ६० च्या दशकात ब्रिटनने रॉकेट इंजिनांच्या चाचण्या घेतल्या ती जागा. बस आपली खाली पार्किंगला दुकानांजवळ सोडते. मी म्हणेन ऑक्टोबरच्या आधी एक शनिवार-रविवार काढा, स्वतःची गाडी न्या, आणि आई-बाबांना तुम्ही फिरवा.

साउदम्प्टनचा_नाखवा

पाठपिशवी, चालणाऱ्यांसाठी तुमचं अगदी खरं, पण त्यांच्या बाबांचा गुडघा दुखतो आणि गाडी नेणारी फेरीबोट वीकेंडला महाग पडते. शिवाय दोन दिवसांत मुलगी-जावई ड्रायव्हिंग करून दमणार आणि आई-बाबा त्यांच्याकडे बघून ओशाळणार, हे मी माझ्या घरी बघितलंय.

नीडल्सला खालून पण मजा आहे. समुद्रात खडूचे तीन सुळके आहेत, शेवटच्यापाशी १८५९ चं दीपगृह. सुईसारखा कुठलाच दिसत नाही, कारण ज्याच्यामुळे ते नाव पडलं तो चौथा, उंच आणि निमुळता, तो १७६४ मध्ये वादळात कोसळला. ॲलम बेच्या कड्याला माती वेगवेगळ्या रंगांची, पिवळी, गुलाबी, विटकरी, उभ्या पट्ट्यांची. खाली जायला चेअरलिफ्ट आहे, उघडी, पाय लोंबकळत ठेवून जायचं, वारा असला की बंद ठेवतात. गुडघ्याला ती चढता-उतरताना जरा घाई करावी लागते, तेव्हा नको वाटलं तर वरूनच बघा. मार्कोनीचं स्मारकही तिथेच, १८९७ मध्ये तो तिथून समुद्रातल्या बोटींना बिनतारी संदेश पाठवत होता.

कॅरिसब्रुकचा किल्ला असेल तर बुरुजाच्या पायऱ्या सत्तरेक आहेत, त्या सोडा, पण विहिरीवर गाढव चाक फिरवून पाणी काढून दाखवतं ते बाबांना बघू द्या, आणि पहिला चार्ल्स राजा तिथे कैदेत होता, खिडकीतून पळायला गेला आणि गजांत अडकला.

आणि तुमचे बाबा एसटीतले म्हणून खास. शँकलिनहून राइडला एक छोटी रेल्वे जाते. २०२१ पर्यंत तिच्यावर लंडनच्या भुयारी रेल्वेचे १९३८ सालचे डबे धावत होते, कारण राइडच्या बोगद्याची उंची कमी, मोठे डबे मावत नाहीत. आताचेही लंडनचेच जुने डबे आहेत, नवे करून घेतलेले. रेल्वे थेट राइडच्या धक्क्यावरून समुद्रात जाऊन थांबते. अनघाताई म्हणतात तो सुट्टीचा दिवस असा घालवा, चढ नाही, पायऱ्या नाहीत, बस लागायचा प्रश्न नाही.

मुक्ता_कोव्हेंट्री

सगळ्यांचे मनापासून आभार. बुक केली! बस बदलायची नाहीये, आमच्यानंतर दोनच थांबे, पुढून दुसरी रांग मिळाली. बाबांना बक्षीराम कुंभाराबद्दल वाचून दाखवलं तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, घरून इतक्या लांब आणलं होतं होय त्याला. आता रोज नकाशा काढून बसतात. आल्यावर लिहिते.

मुक्ता_कोव्हेंट्री

मंडळी, आले परत परवा. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून सविस्तर लिहिते, आणि लिहिल्याशिवाय मलाही राहवत नाहीये.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला तो पडलेल्या आवाजात. जेवणाच्या टेबलावर सहा जण, सगळे आपापसात बोलत होते, आणि पहिल्या ताटात आमलेटच आलं. अनघा, तुझं कार्ड दाखवलं आणि पाच मिनिटांत बदलून दिलं, पण आई कानकोंडी झाली होती. मला रात्री झोप लागली नाही, उगाच पाठवलं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑस्बोर्न. तिथे म्हणे ग्रुपमधल्या एक बाई आईजवळ आल्या आणि गणपतीच्या मूर्तीकडे बोट दाखवून हे कोण असं विचारलं, दरबार रूममध्येच. आईने तिला येतं तेवढ्या इंग्रजीत सांगितलं, सन ऑफ शिवा, फर्स्ट पूजा हिज, आणि मग आणखी चार जण येऊन उभे राहिले, मोर कशाचा, जाळी कशाची. बाबा म्हणतात तुझी आई अर्धा तास गाइड झाली होती. बाबा स्वतः कॉरिडॉरमध्ये होते. त्यांनी बक्षीरामचा फोटो काढलाय मोबाईलवर, थोडा हललेला, काचेत त्यांचीच सावली पडलीय, आणि म्हणाले की चित्र इतकं लहान आहे की जवळ जाऊन वाकूनच बघावं लागतं, नमस्कार केल्यासारखं.

ॲलम बेला चेअरलिफ्ट वाऱ्यामुळे बंद होती. पण तिथे दुकानात रंगीत वाळू काचेच्या बाटलीत भरायला देतात, प्रत्येक रंगाचा वेगळा डबा, चमच्याने थर द्यायचे. आईने दोन थरांनंतर चमचा बाजूला ठेवला आणि चिमटीने सोडायला लागली, अंगठा आणि पहिलं बोट, रांगोळी घालते तशी, काचेच्या कडेकडेने. थरांत मग लाटा उमटल्या. ती बाटली आता आमच्या टीव्हीशेजारी आहे, खाली विटकरी, मग पिवळा, मग अगदी बारीक पांढरी रेघ, मग गुलाबी. तिच्याकडे बघून बाकीच्या बायकांनीही चमचे टाकले म्हणे.

आणि बाबा. बाबांना सवय आहे, बस निघायच्या आधी माणसं मोजायची. पहिल्या दिवसापासून ते सीटवरून मान वळवून मनात मोजत होते, आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी नीडल्सहून निघताना ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि बाबा उठून पुढे गेले आणि म्हणाले, टू लेस. खरंच दोन आजी-आजोबा टॉयलेटच्या रांगेत राहिले होते. ड्रायव्हरने विचारलं तुम्हाला कसं कळलं, तर बाबांनी खिशातून जुना बिल्ला काढला, जो ते अजून पाकिटात ठेवतात हे मला या वयात कळलं, आणि म्हणाले थर्टी वन इयर्स. त्यानंतर ड्रायव्हर त्यांना रोज विचारायचा, सगळे आले का. दुपारी थांबला की दोघं बाहेर उभे राहून बोलायचे. त्याने टॅकोग्राफ, म्हणजे गाडी किती वेळ चालवली ते नोंदवणारं यंत्र, दाखवला, साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं, नाहीतर दंड. बाबा घरी येऊन मला दोनदा तेच सांगत होते, की आमच्या ड्रायव्हरांना कुठे होती अशी विश्रांती, अमुक ड्रायव्हर रात्रीची गाडी आणून सकाळची परत न्यायचा. बिचकणं वगैरे काही नाही, सगळं इंग्रजीत बोलत होते.

चौथ्या दिवशी ते दोघं सहलीला गेले नाहीत. रेल्वेने राइडला गेले, धक्क्याच्या टोकाला बाकावर बसले, चिवडा खाल्ला आणि पलीकडून येणाऱ्या बोटी मोजल्या. आईला सगळ्या टूरमध्ये हाच दिवस सगळ्यात आवडला.

परतीच्या दिवशी मी स्टॉपवर घ्यायला गेले होते. ड्रायव्हरसाठी पैसे गोळा केलेलं पाकीट ग्रुपने बाबांच्या हस्ते दिलं होतं हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की सामान उतरलं, आई उतरली, बाबा शेवटी उतरले आणि खाली उभं राहून त्यांनी बसच्या पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारली, ठक ठक. ड्रायव्हरने आरशातून बघून हात वर केला, दार लावलं आणि गाडी काढली. डबल बेल म्हणजे काय हे त्याला बाबांनी कधीतरी मधल्या प्रवासात शिकवलं होतं.